संप्रेरकोपचार, शिफ्ट आणि शरीर : एक संवाद

जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती, म्हणजे पारलिंगी स्त्री, जेव्हा स्त्रीदेहाकडे नेणारा संप्रेरकोपचार सुरू करते, तेव्हा तिच्या शरीरात साधारणपणे दोन औषधे एकाच वेळी काम करू लागतात. पहिले इस्ट्राडिऑल, जे स्त्रीच्या शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या संप्रेरकाचेच औषधी रूप आहे. दुसरे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला अडवणारे, आणि भारतात ते बहुधा स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन असते. यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात रक्तदाब व हृदयविकार यांसाठीचे, लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकायला लावणारे औषध आहे, आणि ते घेणाऱ्या काही पुरुष रुग्णांची छाती वाढते ही गोष्ट वैद्यकीय ग्रंथांत दुष्परिणाम म्हणून नोंदलेली आहे. एका रुग्णाचा जो दुष्परिणाम तोच येथे उपचाराचा हेतू ठरतो, आणि त्या रुग्णाच्या उपचाराचा जो हेतू, म्हणजे वाढलेली लघवी, तो पारलिंगी स्त्रीच्या वाट्याला त्रास म्हणून येतो. त्यामुळे दुष्परिणाम म्हणजे काय हे औषधाच्या वेष्टनावरून ठरत नाही; ते औषध कोण, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत घेत आहे यावरून ठरते.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या परिस्थितीला फार महत्त्व येते, कारण येथे औषध घेणारे शरीर अनेकदा आठ तास उभे असते, शिफ्ट बदलली की त्याची झोप बदलते आणि त्याची नोकरी पुष्कळदा ठेकेदारामार्फत असते. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीय व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांच्या कामावर आणि सार्वजनिक स्वच्छतेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ग्रीन मार्शल’ पथकात नेमले, तेव्हा गणवेशातील पारलिंगी व्यक्ती शहराच्या रोजच्या दृष्टीस पडू लागली. त्या नेमणुकांचे मोल मोठे आहे. परंतु नोकरी मिळाल्यानंतर त्या नोकरीत औषध कसे घ्यायचे, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

या प्रश्नावरील दोन भूमिका येथे संवादरूपाने मांडल्या आहेत. बोलणारी दोन्ही माणसे कल्पित आहेत. एक आहेत अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचे तज्ज्ञ डॉक्टर, ज्यांचा विश्वास मोजमापावर आणि वेळेवर केलेल्या तपासणीवर आहे. दुसरी आहे एक आरोग्यसेविका, जी स्वतः पारलिंगी असून वस्त्यांमधून आणि कामगारांच्या खोल्यांमधून फिरते. दोघांचाही उपचाराला विरोध नाही. वाद आहे तो त्रास झाल्यावर प्रथम काय करायचे याविषयी.

डॉक्टरांची मांडणी सरळ आहे. “ताई, औषध म्हटले की त्याचे परिणाम आलेच, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे असते. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि इस्ट्राडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात राहिले, पोटॅशियम, यकृत आणि मूत्रपिंडे ठीक असली, की बहुतेक बायकांना हे औषध वर्षानुवर्षे सोसते. अडचण त्यांची होते ज्या त्रास लपवतात. चक्कर येते, मळमळते, मन उदास राहते, आणि त्या तीन महिने बोलत नाहीत. लक्षण दिसले की त्याच आठवड्यात यायला हवे.”

सेविकेचे उत्तर या शिस्तीच्या मुळाशी जाते. “त्या का बोलत नाहीत, हे विचारून पाहा, डॉक्टर. चक्कर येते असे सांगितले, आणि समोरून ‘मग गोळ्या बंद करा’ असे ऐकले, तर ती बाई पुढच्या वेळी चक्कर आली तरी सांगणार नाही. तुमच्या लेखी गोळी बंद करणे म्हणजे सावधगिरी. तिच्या लेखी दाढी परत येणे, छातीची वाढ थांबणे आणि आरशासमोर उभे राहणे पुन्हा नकोसे होणे. चक्कर परवडली, पण हे नको, असा हिशेब ती मनातल्या मनात मांडते आणि गप्प बसते.”

येथे सेविकेचे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि वैद्यकशास्त्राच्या स्वतःच्या कसोटीवरही ते टिकते. बहुतेक सौम्य दुष्परिणामांवर औषध थांबवणे हा पहिला उपाय नसतोच: मात्रा कमी करता येते, दिवसाची मात्रा दोन भागांत विभागता येते, गोळीऐवजी त्वचेवर लावायचे जेल किंवा पट्टी वापरता येते, टेस्टोस्टेरॉन अडवणाऱ्या एका औषधाऐवजी दुसरे देता येते. हे पर्याय रुग्णाला आधीच, पहिल्या भेटीतच माहीत असतील, तर त्रास सांगणे म्हणजे उपचार गमावणे हे समीकरण मोडते. डॉक्टरही हे मान्य करतात, मात्र एक पुस्ती जोडतात की काही लक्षणांवर थांबावेच लागते, आणि ती कोणती हेही पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे.

पाणी आणि स्वच्छतागृह यांचा मुद्दा निघाल्यावर संवाद शरीरातून कारखान्यात शिरतो. स्पायरोनोलॅक्टोन घेतल्यावर तहान वाढते आणि लघवीला वारंवार जावे लागते. बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. डॉक्टरांचा सल्ला असतो की पाणी भरपूर प्यावे, हळूहळू उठावे आणि गोळी जेवणाबरोबर घ्यावी. सेविका हा सल्ला लाइनवर नेऊन दाखवते. “जुळणीच्या लाइनवर उभ्या असलेल्या बाईला लघवीला जायचे तर जागेवर दुसरे माणूस यावे लागते. त्याला रिलीव्हर म्हणतात, आणि तो सगळ्यांच्या वाट्याला एकच असतो. दोनदा हात वर केला तर चालते. पाचव्यांदा केला की सुपरवायझर बघायला लागतो. त्यात ही बाई कोणत्या स्वच्छतागृहात जाते, याकडे अख्ख्या शॉपचे लक्ष. मग ती काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. तुम्ही सांगता पाणी प्या, आणि औषध चालू ठेवण्यासाठी ती पाणीच सोडते.”

हा प्रसंग समजून घेण्यासारखा आहे, कारण येथे दोन सुट्या, सौम्य गोष्टी एकत्र येऊन धोका तयार होतो. स्पायरोनोलॅक्टोन शरीरातून मीठ आणि पाणी बाहेर टाकते, परंतु पोटॅशियम हा क्षार मात्र धरून ठेवते. तरुण आणि निरोगी मूत्रपिंडांच्या व्यक्तीत पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर क्वचितच जाते, हे डॉक्टर स्पष्टपणे सांगतात आणि विनाकारण भीती घालत नाहीत. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडखाली घाम गाळणाऱ्या, पाणी न पिणाऱ्या शरीराची मूत्रपिंडे कमी रक्तावर चालतात. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून घेतलेली वेदनाशामक गोळी त्यांच्यावर आणखी ताण आणते. आणि अशा वेळी अशक्तपणा आला म्हणून कोणी मायेने शहाळे आणून दिले, तर त्यातले भरपूर पोटॅशियम त्याच शरीरात जाते. ओआरएसच्या पुडीतही पोटॅशियम असते आणि कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात ते सोडियमच्या जागी घातलेले असते. शहाळे निषिद्ध नाही. मात्र जिला हातापायांत विलक्षण अशक्तपणा जाणवतो किंवा छातीचे ठोके चुकल्यासारखे वाटतात, तिने शहाळ्यावर वेळ न घालवता रक्त तपासून घ्यायला हवे, आणि पोटॅशियमची ही चाचणी अत्यंत साधी आहे.

गोळीच्या वेळेवरून दोघांत थोडा खल होतो. डॉक्टरांनी सुचवलेली सकाळची वेळ पहिल्या शिफ्टला जाणारीसाठी सर्वांत वाईट, कारण औषधाचा जोर नेमका लाइनवर असताना येतो. शिफ्ट संपल्यावर गोळी घेतली तर पहिले काही तास खोलीवर जातात. परंतु तिसऱ्या शिफ्टमध्ये हेच केले तर दिवसाची झोप तीन वेळा मोडते. अखेर डॉक्टर मान्य करतात की गोळी घड्याळाला न बांधता शिफ्टला बांधावी, दिवसाची एकूण मात्रा तीच ठेवून ती विभागावी, आणि शिफ्ट बदलताना दोन मात्रा जवळजवळ येणार नाहीत एवढे पाहावे. मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये तीन शिफ्टमध्ये फिरणारी रुग्ण बहुधा गृहीत धरलेली नसते, त्यामुळे ही तडजोड प्रत्येक वेळी नव्यानेच करावी लागते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र गोळीच्या वेळेने सुटत नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथीय कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची सोय करण्याची अपेक्षा तिच्यात नोंदलेली आहे. सेविकेला या तरतुदीचे स्वागतही आहे आणि काळजीही. जेथे अशी एकच कर्मचारी आहे, तेथे वेगळी पाटी लावलेले दार म्हणजे तिच्याकडे रोखलेले बोट ठरू शकते, आणि जिने कारखान्यात कोणालाच काही सांगितलेले नाही तिला ते दार वापरता येणार नाही. डॉक्टर या चर्चेत फारसे बोलत नाहीत. पण रक्तदाब आणि पोटॅशियम यांच्या कहाणीत दाराचा हिस्सा आहे हे ते नाकारत नाहीत.

इस्ट्रोजेनकडे वळल्यावर बाजू पालटते, आणि येथे डॉक्टरांचा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. डॉक्टरांपर्यंत न पोचलेल्या किंवा तेथून अपमानित होऊन परतलेल्या अनेक जणी कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांवर संप्रेरकोपचार करतात, कारण त्या सहज मिळतात, स्वस्त असतात आणि ओळखीच्या व्यक्तीने घेतलेल्या असतात. ‘माला-डी’सारख्या गोळीत ०.०३ मिलीग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल आणि ०.१५ मिलीग्रॅम लेव्होनोर्जेस्ट्रेल असते. एथिनिल इस्ट्राडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतात सहज मोडत नाही आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढवते. लवकर फरक दिसावा म्हणून एकाऐवजी चार-पाच गोळ्या घेतल्या, की शिरेत गुठळी होण्याचा धोकाही त्याबरोबर वाढतो. ॲमस्टरडॅममधील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एथिनिल इस्ट्राडिऑल चालू असलेल्या पारलिंगी स्त्रियांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट आढळला. नैसर्गिक रूपातील इस्ट्राडिऑलचा धोका याहून बराच कमी आहे, आणि त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्राडिऑलचा त्याहूनही कमी मानला जातो.

“ताई, येथे मात्र समजून घेणे पुरेसे नाही,” डॉक्टर म्हणतात. “या गोळ्या बंदच व्हायला हव्यात, आणि बिडी-सिगारेटही.”

“बंद व्हायलाच हव्यात,” सेविका म्हणते. “पण ‘बंद करा’ आणि ‘याऐवजी ही घ्या’ ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात आली पाहिजेत, डॉक्टर. पहिले वाक्य आज आणि दुसरे महिन्याभरानंतरच्या तारखेला, असे झाले की मधल्या महिन्यात ती त्याच मेडिकलवर जाते.”

गुठळीचे लक्षण ओळखणे या पट्ट्यात अवघड आहे, कारण दिवसभर उभे राहणाऱ्या आणि नंतर चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत कंपनीच्या बसमध्ये अडकून बसणाऱ्या प्रत्येकाचेच पाय संध्याकाळी सुजलेले असतात. फरक ओळखण्याची खूण अशी की थकव्याची सूज दोन्ही पायांवर असते आणि पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरते. गुठळीची सूज बहुधा एकाच पोटरीवर येते, ती दुखते, गरम लागते आणि सकाळीही तशीच राहते. अशा सुजेबरोबर किंवा तिच्याशिवायही अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे, आणि तेथे कोणते इस्ट्रोजेन व किती, हे न लाजता सांगावे. वस्तीत ही खूण समजावून सांगण्याचे काम सेविका डॉक्टरांपेक्षा अधिक चांगले करू शकते, असे डॉक्टरच म्हणतात.

सायप्रोटेरोनविषयी दोघांचे फारसे दुमत नाही. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यसेवेविषयी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या आठव्या आवृत्तीत दिवसाला १० मिलीग्रॅम एवढी अल्प मात्रा सुचवलेली आहे, तर बाजारातील गोळी बहुधा ५० मिलीग्रॅमची असते. आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात सौम्य गाठ होण्याचा धोका वाढतो हे कळल्यावर युरोपीय औषध नियामकाने २०२० साली या औषधाच्या वापरावर मर्यादा आणल्या. रोजच्या जगण्यात मात्र या गोळीचा जाच गाठीपेक्षा मनावर अधिक जाणवतो: थकवा, कशातच रस न वाटणे, खचल्यासारखे होणे. वस्तीत याला ‘बाईपण आले की रडू येतेच’ असे म्हणून उडवून लावले जाते, आणि सेविका येथे आपल्याच माणसांना दोष देते. रडू येणे वेगळे. सकाळी उठून कामावर जाण्याची इच्छाच संपणे वेगळे, आणि त्यावर गोळी बदलून किंवा मात्रा उतरवून उपाय होऊ शकतो हे त्या बाईला कोणीतरी सांगायला हवे. त्रास म्हणजे स्त्री होण्याची किंमत, ती मुकाट्याने मोजायची, हा समज डॉक्टरांच्या ‘बंद करा’ इतकाच घातक आहे.

संवादात पुढे एचआयव्हीचा विषय निघतो. याच पट्ट्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. एचआयव्हीसह जगणाऱ्या पारलिंगी स्त्रियांमध्ये अशी भीती आढळते की एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या, गोळ्या संप्रेरकांचा असर मारतात, आणि त्या भीतीपोटी एआरटीच चुकवली जाते. डॉक्टरांच्या मते सध्याच्या मुख्य उपचारातील डोलुटेग्रॅविर इस्ट्राडिऑलच्या आड येत नाही. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन मात्र इस्ट्राडिऑलची पातळी बरीच उतरवते, आणि संसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे कोट्रायमॉक्सॅझोल स्पायरोनोलॅक्टोनबरोबर घेतल्यास पोटॅशियम वाढवू शकते. म्हणून एआरटी केंद्रावर संप्रेरकांची आणि संप्रेरके देणाऱ्या डॉक्टरांकडे एआरटीची माहिती गेलीच पाहिजे. सेविका येथे विचारते की हे दोन्ही प्रश्न एकाच छताखाली कोठे विचारायचे. पुण्यात पारलिंगी व्यक्तींसाठी चालणारे ‘मित्र क्लिनिक’ हे असे छत होते. अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवल्यावर २०२५ च्या सुरुवातीला हैदराबाद आणि कल्याण येथील क्लिनिकांबरोबर तेही बंद झाले. तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१९ च्या कायद्याचे कलम १५ शासनावर संप्रेरकोपचाराची आणि त्याआधी व नंतर समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी टाकते, परंतु कलमाला ओपीडीचा वार नसतो, हे सेविकेचे वाक्य डॉक्टरांना निरुत्तर करते.

शेवटचा वाद सर्वांत कठीण आहे: कंपनीच्या डॉक्टरांना सांगावे की नाही. वार्षिक तपासणीत प्रश्न आपोआप उभा राहतोच, कारण उपचार सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन स्त्रियांच्या पातळीवर उतरते, आणि कागदावर ‘पुरुष’ असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालात त्या आकड्यापुढे खूण येते. रक्तक्षय नसताना रक्तक्षयाची औषधे सुरू होतात, किंवा ‘अनफिट’ असा शेरा पडतो. डॉक्टरांच्या मते आधीच सांगितलेले बरे. सेविकेच्या मते वैद्यकीय खोलीत सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचते, आणि ठेकेदाराला माणूस काढायला कारण लागत नाही. २०१९ च्या त्याच कायद्याचे कलम ३ नोकरीतील भेदभावाला मनाई करते खरे, पण ‘उद्यापासून येऊ नको’ या वाक्याचा पुरावा उरत नाही.

यातून जी वाट निघते ती अर्धीच आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निदान किंवा औषधाचे नाव न लिहिता कामापुरती चिठ्ठी द्यावी: या व्यक्तीला दर दोन तासांनी पाणी व स्वच्छतागृहाची मोकळीक असावी, पुढील काही आठवडे छातीला टेकवून भाग उचलण्याचे काम देऊ नये, कारण तेथे दुखरेपणा आहे. छातीत नव्याने तयार होणारी गाठ पहिल्या काही महिन्यांत इतकी हुळहुळी असते की पेटीची कड लागली तरी डोळ्यांत पाणी येते. हे कारण नाव न घेताही समजण्यासारखे आहे. डॉक्टर ही चिठ्ठी द्यायला तयार आहेत. मात्र फोर्कलिफ्ट, क्रेन किंवा पॉवर प्रेस चालवणारीला चक्कर आली, तर त्या दिवशी तिने यंत्रावर उभे राहू नये, यावर ते तसूभर हटत नाहीत, आणि सेविकाही हटा असे म्हणत नाही.

ती एवढेच विचारते की त्या दिवसाचा पगार कोण देणार. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या ठेका कामगारालाही राज्य कामगार विमा योजना लागू होते, आणि आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते आणि आजाराचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे भरपाईत धरले जात नाहीत. चक्कर एका दिवसाची असते. डॉक्टर चिठ्ठीवर तारीख घालतात आणि खाली स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहितात. पगाराच्या प्रश्नावर त्यांच्याकडे लिहिण्यासारखे काही नसते, आणि सेविका ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या शिफ्टच्या आधी पोचायचे म्हणून निघते.